‘बरें जालें देवा’ म्हणण्याआधी: संकटात नेम आणि कृतज्ञता कशी सांभाळावी

‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥’ हा तुकोबांचा अभंग कीर्तनात वारंवार येतो, आणि समोर नुकतेच काही गमावून बसलेले माणूस असेल तर त्याला तो टोचतो. मुलाचे ऑपरेशन आठवड्यावर आलेले, सोसायटीचे कर्ज थकलेले, आणि आपल्या तोंडून काही केल्या ‘बरे झाले’ निघत नाही. मग माणूस समजतो की आपली भक्तीच कच्ची. कितीतरी माळकरी नेम सोडतात ते नेमके अशा दिवसांत, आळसाने नव्हे तर शरमेने.

तुकोबांनी आपली हकीकत दुसऱ्या एका अभंगात क्रमवार सांगितली आहे. ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’ असा त्याचा आरंभ. संतांनी विचारले म्हणून सांगतो, एरवी बोललो नसतो, असे ते सुरुवातीलाच म्हणतात. 1630 ते 1632 च्या दुष्काळाने देहूच्या या सावकारी घराची जी वाताहत केली, ती इथे आहे: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ या ओळीत ‘बरे’ नाही. पुढच्याच ओळीत ‘लज्जा वाटे जीवा’ आहे. त्यानंतर त्यांनी काय काय केले ते येते: मोडलेले देऊळ, एकादशीचे कीर्तन, पाठांतर, दुसऱ्यांच्या मागे धृपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, धरणे, अंगमेहनतीचा उपकार. खूप पुढे अभंगांच्या वह्या बुडवल्यावरचे धरणे, आणि मग ‘केलें नारायणें समाधान’. म्हणजे समाधान शेवटी आले आणि ते नारायणाने केले. कृतज्ञतेने सुरुवात करा असे हा अभंग सांगत नाही. खाली दिलेल्या पायऱ्या साधारण याच क्रमाने लावल्या आहेत, आजच्या प्रपंचात बसतील अशा.

आधी हानी मांडा

एक कोरा कागद घ्या आणि काय गेले ते साध्या वाक्यांत लिहा. पाच ते आठ वाक्ये पुरतात. ‘देवाची इच्छा’, ‘नशीब’, ‘परीक्षा’ हे शब्द इथे आणायचे नाहीत. ‘दोन एकर द्राक्ष गारपिटीत गेले. पीककर्जाचा हप्ता मार्चमध्ये आहे. थोरलीची फी भरायची आहे. भावाने फोन उचलणे बंद केले.’ इतके कोरडे. शेवटचे वाक्य लाजेबद्दल असू द्या: कोणापुढे जायला नको वाटते, कोणते लग्न टाळले, कोणाकडे उसने मागितले. हानीपेक्षा लाजच माणसाला घरात कोंडते, आणि देवळात जाणेही बहुधा तिच्यामुळेच थांबते.

याच कागदाच्या मागच्या बाजूला व्यवहाराची कामे लिहा: पंचनामा, विम्याचा अर्ज, डॉक्टरांची दुसरी तपासणी, बँकेत हप्ते पुन्हा बांधून मागणे. प्रत्येक कामापुढे तारीख घाला. हे अध्यात्मात कशाला, असे वाटेल. पण विम्याची मुदत हुकली आणि मग हरिपाठात मन लागेना, असे झाले तर दोष हरिपाठाचा नाही. ज्या कामाला मुदत आहे ते आधी.

नेम कमी करा, मोडू नका

बऱ्या दिवसांत लावलेला नेम संकटात पेलत नाही. काकडा, ज्ञानेश्वरीच्या ओव्या, संध्याकाळचा पूर्ण हरिपाठ, झोपण्यापूर्वी माळ असा नेम असणारा माणूस दवाखान्याच्या बाकावर रात्र काढू लागला की चार दिवसांत सगळेच सुटते, कारण अर्धवट करणे त्याला पाप वाटते. म्हणून संकटाच्या पहिल्याच आठवड्यात नेम स्वतःहून कमी करावा, आणि किती कमी केला ते घरातल्या एकाला सांगावे.

कमीत कमी नेम असा ठेवता येतो: सकाळी ‘रामकृष्णहरि’ची एक माळ. 108 मणी, सावकाश म्हटले तरी चार-पाच मिनिटे लागतात. संध्याकाळी ज्ञानदेवांच्या हरिपाठातला फक्त पहिला अभंग. सत्तावीस अभंगांचा पूर्ण पाठ एकट्याने वाचला तर पंधरा-वीस मिनिटे आणि टाळावर म्हटला तर त्याच्या दुप्पट वेळ जातो. पहिला अभंग मिनिटभरात होतो. त्यातच ‘उभा क्षणभरी’ असे म्हटले आहे, तेव्हा क्षणभराला कमी लेखायचे कारण नाही.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. भरपाईची सवय लागली की नेमाचा हप्ता होतो, आणि थकलेला हप्ता माणूस टाळतोच. चुकला तो चुकला, आज एक माळ.

एकादशीबद्दल वेगळे सांगायला हवे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहिल्याने साखर एकदम उतरू शकते, आणि फराळाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर झपाट्याने चढते. दोन्हीकडून धोका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये आणि औषधाची मात्रा आपल्या मनाने बदलू नये. रुग्णाच्या उशाशी जागणाऱ्याने जागराचाही हट्ट धरू नये, त्याचे जागरण आधीच चालू आहे. एकादशीला उपासाऐवजी एक अभंग जास्त म्हणावा. वर्षानुवर्षे वारी केलेली जाणती माणसे आजाऱ्याला हेच सांगतात.

धृपद धरा

‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद’ ही तुकोबांची ओळ या सगळ्यात सर्वांत उपयोगी आहे. त्याच्या अगोदर ते मोकळेपणाने सांगतात की कीर्तन आरंभले तेव्हा चित्त अभ्यासात नव्हते. मन तयार नसताना काय करायचे, तर जे पुढे गात आहेत त्यांच्या मागे उभे राहून एकच ओळ धरायची.

गावच्या भजनात हे कसे करायचे? पुढच्या ओळीत बसू नका, तिथे चाल उचलावी लागते. विणेकऱ्याच्या समोरही नको. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, पखवाजाचा आवाज नीट येईल अशा जागी बसा आणि टाळ मागून घ्या. टाळाची दोरी बोटांना गुंडाळली, वाट्या तळहातांत धरल्या की हातांना काम मिळते. पुढचा माणूस चरण म्हणेल, तेव्हा फक्त टाळ. धृपद आले की तेवढे म्हणायचे. आवाज फुटला तर टाळ चालू ठेवायचा. पन्नास जणांच्या टाळांत एकाचा हुंदका कोणाला ऐकू जात नाही, आणि शेजारच्याला गेलाच तरी तो मान वळवत नाही. दुःखात सगळा अभंग आपण म्हणायची गरज नसते. तो चालू ठेवायला माणसे आहेत, आपण मधूनमधून त्यात शिरायचे.

घराजवळ भजन नसेल, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये किंवा परदेशात असाल, तर रेकॉर्डिंग लावा, पण ऐकत पडू नका. धृपद आले की तोंडाने म्हणा. आठवड्यातून एकदा तरी दोन-चार माणसांत म्हणता आले पाहिजे, मग ते व्हिडिओ कॉलवर का असेना. एकट्याने केलेला नेम संकटात लवकर आटतो, कारण न केल्याचे कोणाला कळत नाही.

पाठांतराचेही असेच. ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें’ यातला ‘कांहीं’ ध्यानात ठेवा. महिन्याला एक अभंग, चार-पाच चरणांचा, पुष्कळ झाला. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा पुस्तक हाती नसते, दिवा लावला तर शेजारचा उठतो. त्या वेळी तोंडपाठ असेल तेच कामाला येते.

उपकाराची वही

कृतज्ञता इथे येते, चौथ्या पायरीवर. साधी दोनशे पानी वही पुरते. आठवड्यातून दोन किंवा तीन रात्री लिहा, रोज नको. रोज लिहायला घेतले की पंधरा दिवसांत तीच यादी उतरू लागते: घर आहे, मुले आहेत, दोन वेळचे मिळते. हे खरे असते पण त्यात जीव नसतो.

प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी याव्यात: कोणी, काय केले, आणि त्यामुळे आपले काय वाचले. ‘शेजारच्या काकूंनी संध्याकाळी पिठले-भाकरी आणून दिली, त्यामुळे आईजवळून उठावे लागले नाही.’ ‘कंडक्टरने गाडी थोपवून धरली, रिपोर्ट वेळेत पोचले.’ माणसाचा उपकार माणसाच्या नावावरच लिहा. ‘देवच धावून आला’ हे वाक्य खाली जरूर लिहावे, पण काकूंचे नाव खोडून नव्हे. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल दळू-कांडू लागतो, गोवऱ्या वेचतो. तिथे देवाची मदत कायम एखाद्या घरकामाच्या रूपात येते. ती वही चाळताना तुम्हालाही दिसेल, फक्त आधी काम नेमके लिहिलेले पाहिजे.

काही रात्री काहीच सुचणार नाही. तेव्हा तारीख घालून ‘आज काही नाही’ असे लिहा आणि वही मिटा. ओढूनताणून लिहिलेली नोंद पुढच्या खऱ्या नोंदीवरचा विश्वास घालवते.

दोन चुका फार होतात. पहिली तुलनेची: ‘त्यांच्यापेक्षा आपले बरे’. शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून आपल्या मुलाचा मोडलेला पाय हलका वाटून घेणे ही कृतज्ञता नव्हे, आणि अशा नोंदी वाढल्या की वही दुसऱ्यांच्या दुःखाची होते. दुसरी चूक नवसाची. संकटात नवस बोलला जातोच, त्यात लाज मानू नये. पण तो वहीच्या शेवटच्या पानावर एकदा लिहून ठेवावा आणि नंतर वाढवू नये. आधी पायी वारी, मग वारी आणि अन्नदान, मग वारी, अन्नदान आणि चांदीचा मुकुट, अशी बोली चढत गेली की देवाशी बोलणे राहत नाही, सौदा होतो. आणि मनासारखे झाले नाही तर माणूस सगळेच सोडतो.

तक्रार कुठे करायची

देवाकडेच. ‘बुडविल्या वह्या बैसलों धरणें’ असे तुकोबाच म्हणतात, आणि धरणे काही आभार मानायला धरत नाहीत. परंपरा सांगते की ते तेरा दिवस इंद्रायणीकाठी अन्नपाण्यावाचून बसले होते. त्याच गाथेत ‘माझे लेखीं देव मेला’ हाही अभंग आहे. जनाबाईंनी तर अंगणात उभे राहून विठ्ठलाला ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हटले. चोखोबांनी ‘हीन याती माझी देवा’ म्हणून जाब विचारला, आणि त्यांचे दुःख माणसांनी लादलेले होते, हेही विसरू नये. वारकऱ्याला रागवायचा हक्क आहे. फक्त तो देवासमोर उभे राहून वापरायचा.

व्यवहारात असे करा: आठवड्यातला एक दिवस आणि वेळ ठरवा, दहा मिनिटांची. देवघरासमोर किंवा देवळात गर्दी नसताना. मोठ्याने बोला, मनात नको. मनातली तक्रार गोल गोल फिरते, तोंडाने बोललेली कुठेतरी संपते. सुरुवात ‘देवा’ अशा हाकेने करा आणि संपताना नमस्कार करून उठा, राग गेला नसला तरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा. ज्यांनी ही पायरी गाळली त्यांच्या वहीतली कृतज्ञता महिन्याभरात गुळमट होते आणि राग घरातल्यांवर निघतो, बहुतेक वेळा जेवणाच्या ताटावर.

जमेल तेवढी अंगमेहनत

‘टाकला तो कांहीं केला उपकार । केलें हें शरीर कष्टवूनी’. पैसा नव्हता, शरीर होते. देहूचे घराण्यातले मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले ते याच काळात. कर्जखतांचीही गोष्ट प्रसिद्ध आहे: धाकट्या भावाचा, कान्होबांचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची कर्जखते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. लोकांकडून येणे होते ते सोडले. लोकांचे देणे बुडवले नाही. कर्जात असलेल्याने हा भेद नीट पाहावा.

तेव्हा कर्ज काढून अन्नदान नको, पंगत नको. आठवड्याला अर्धा ते एक तास श्रम द्या: सप्ताहात भांडी घासणे, देवळाचा सभामंडप झाडणे, दिंडी गावावरून जाताना पाण्याचे ड्रम भरणे, वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे रेशन आणणे. काम असे निवडा की ते संपलेले डोळ्यांना दिसेल. भांड्यांचा ढीग उपडा घातलेला दिसतो, तसा ‘समाजासाठी काहीतरी’ केल्याचा ढीग दिसत नाही. आणि जिथे आपल्या संकटाची चर्चा होणार नाही अशी जागा बघा. कामापेक्षा विचारपूस जास्त होत असेल तर दुसरे देऊळ बरे.

शारीरिक सेवा जमत नाही अशा आजाऱ्याने हे प्रकरण सरळ सोडून द्यावे. वारी चुकण्याचे दुःखही इथलेच. 2020 आणि 2021 साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरी राहिले. अनेकांनी त्या दिवसांत ज्या मुक्कामी पालखी असती त्या मुक्कामाचे अभंग घरी म्हटले. पाय चालत नाहीत त्याला हा मार्ग दरवर्षी खुला आहे. शक्य असल्यास दिंडीला वेशीपर्यंत पोचवायला जावे आणि घरी परत यावे.

‘बरे झाले’ केव्हा म्हणावे

घाई करू नका. तीन गोष्टी पाहा. संकट अजून चालू आहे का? चालू असेल तर नको. तापात असताना तापाचे कौतुक करून काही मिळत नाही. जे गेले ते आपले होते की दुसऱ्याचे? तुकोबा आपल्या दिवाळ्याला, आपल्या अपमानाला ‘बरे’ म्हणतात. शेजाऱ्याच्या म्हणत नाहीत. आणि ‘बरे झाले’ म्हणताना गेलेल्याचे दुःख तितकेच खरे राहते का? ते पुसावे लागत असेल तर अजून वेळ आहे. काहींना हा शब्द वर्षांनी सुचतो, काहींना कधीच नाही. त्याने वारकरीपण उणे होत नाही.

त्या अभंगातल्या एका ओळीपाशी मात्र थांबायला हवे. ‘लेकरें बाईल उपेक्षिलीं’ हेही तिथे ‘बरे’च्या यादीत आहे. त्याचा दाखला देऊन घराकडे पाठ फिरवणारे भेटतात. तो प्रपंच तुकोबांच्या दुसऱ्या पत्नीने, आवलीने ओढला, भंडारा डोंगरावर भाकरी घेऊन ती चढली, ही आठवणही परंपरेनेच जपली आहे. आपल्या नेमाचा वेळ घरात कोणाच्या श्रमातून निघतो ते विचारा आणि त्या माणसाचे नाव वहीत लिहा. नंतर त्याचे एखादे काम आपल्याकडे घ्या.

घरात मारहाण होत असेल तर यातली कोणतीही पायरी तिला उत्तर नाही. संत बहिणाबाईंना नवऱ्याचा मार सोसावा लागला, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्यावरून मार सोसणे म्हणजे साधना असा अर्थ काढणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तातडीला 112.

दुसऱ्याच्या दारात

नुकतेच कोणी गेलेल्या घरी जाताना डबा न्या, तोही दोन्ही वेळचा, आणि भांडी परत मागू नका. ‘पूर्वकर्म’, ‘देवाला आवडला म्हणून नेला’, ‘सुटला बिचारा’ हे तिथे बोलायचे नाही. पिकल्या वयाच्या माणसाबद्दल घरचेच ‘सोने झाले’ म्हणाले तर मान डोलवावी, आपण होऊन म्हणू नये. ‘बरें जालें’ हा अभंग तर नकोच. दहाव्या-तेराव्यानंतर गर्दी ओसरते. खरी गरज त्यानंतरच्या महिन्यात असते, तेव्हा भजनाला न्यायला जावे. नुसते ‘या’ म्हणून चालत नाही, दाराशी गाडी घेऊन उभे राहावे लागते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली, जेवण सुटलेले, कशातच मन नाही, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर तो श्रद्धेचा प्रश्न समजू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 क्रमांकावर मराठीतही बोलता येते, फोनला पैसे पडत नाहीत. औषध चालू झाले तर माळ आणि गोळी दोन्ही एकाच वेळेला ठेवा, म्हणजे एकामुळे दुसरी आठवते.

दिवस सावरू लागले की नेम वाढवायचा, पण एका वेळी एकच गोष्ट. आधी हरिपाठाचे अभंग एकावरून सात करा, महिनाभर टिकले तर पूर्ण सत्तावीस. मग सकाळच्या ओव्या. काकडा सर्वांत शेवटी, कारण तो झोपेवर येतो आणि झोप अजून कच्ची असते. पुढची आषाढी डोळ्यांपुढे ठेवून हे बसवायला सात-आठ महिने मिळाले तर घाई होत नाही.